नर्मदेपलीकडचं गाव: इंदूरहून प्राचीन वस्ती बघायला निघताना

इंदूरचं मराठी घर महेश्वरला निघालं की बेत बहुधा ठरलेला असतो. किल्ल्यात अहिल्याबाईंची गादी आणि देवघर, मग घाटावर थोडा वेळ, परतताना साडी. त्याच घाटाच्या पायऱ्यांवरून समोर, नर्मदेच्या दक्षिण काठावर, नावडातोली दिसतं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची भरलेली वस्ती होती. १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून इथलं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, बी. सुब्बाराव, शां. भा. देव अशी मोठी माणसं या कामात होती. माळव्यातले पहिले शेतकरी काय पेरत होते, कशात जेवत होते, घर कसं बांधत होते, याची उत्तरं तिथल्या टेकाडांतून, म्हणजे जुन्या वस्तीची माती साठून झालेल्या उंचवट्यांतून आली.

प्राचीन स्थळ म्हणजे मांडूसारखे महाल किंवा बाघसारखी लेणी, एवढंच ज्यांच्या डोळ्यांपुढे येतं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नावडातोलीसारख्या जागी उभं असं काही नसतं. फलक, तिकीट, गाइड यांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. तिथे माती आहे, खापरं आहेत, दगडाच्या बारीक चिपा आहेत. ते वाचता आलं तर एक दिवस पुरत नाही. वाचता आलं नाही तर दहा मिनिटांत माणूस होडीकडे वळतो.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. खापराचा तुकडा जिथे पडला आहे, तिथेच त्याला अर्थ आहे. कोणत्या थरातून आला, शेजारी काय होतं, उतारावर होता की माथ्यावर, यावरून त्याचं वय आणि काम कळतं. खिशात घालून आणलेला तुकडा घरी शोकेसमध्ये फक्त एक तुकडा असतो. म्हणून बघायचं, फोटो काढायचा, उचललं तर त्याच जागी परत ठेवायचं. पुढचं सगळं या एका सवयीवर उभं आहे.

आधी संग्रहालय, मग टेकाड

सुरुवात घरापासून करा. आग्रा-मुंबई रस्त्यावर जीपीओजवळ इंदूरचं केंद्रीय संग्रहालय आहे. बहुतेक लोक तिथे हिंगलाजगढची शिल्पं बघून बाहेर पडतात. शिल्पं अप्रतिम आहेतच, पण तुम्ही पहिला तास प्रागैतिहासिक दालनात घालवा. पश्चिम माळव्यातली दगडी हत्यारं आणि रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू तिथे जवळून बघता येतात. इंदूर शहरातच, आझादनगर भागात, ताम्रपाषाणकाळातली, म्हणजे माणूस तांबं आणि दगड दोन्ही वापरत होता त्या काळातली वस्ती सापडली आहे, हेही लक्षात असू द्या. म्हणजे हा विषय नर्मदेपलीकडे सुरू होत नाही, आपल्या रोजच्या रस्त्यांखालीच तो आहे. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बहुधा बंद असतात.

जाण्याआधी माळव्यातला कालक्रम ढोबळ तरी माहीत हवा. त्यासाठी कायथाचं उदाहरण सगळ्यात सोपं. उज्जैनहून मक्सीकडे जाताना साधारण २५ किलोमीटरवर, छोट्या काली सिंधच्या काठी हे गाव आहे. १९६४ मध्ये विष्णू श्रीधर वाकणकरांनी तिथली प्राचीन वस्ती शोधली. नीमचमध्ये जन्मलेले, उज्जैनला घर केलेले हे आपले मराठी संशोधक. भीमबेटकाचे चित्रित शैलाश्रयही, म्हणजे चित्रं काढलेले खडकांचे आडोसेही, त्यांनीच १९५७ मध्ये उजेडात आणले. कायथाला एकाच टेकाडात एकावर एक ताम्रपाषाणकाळातल्या तीन संस्कृती मिळाल्या. सगळ्यात खाली कायथा संस्कृती, इ.स.पू. सुमारे २४०० ते २०००. तिच्यावर राजस्थानातल्या बनास खोऱ्याशी नातं सांगणारी आहाड संस्कृती. तिच्यावर माळवा संस्कृती, साधारण इ.स.पू. १७०० ते १४००. खालच्या थरात तांब्याच्या ओतीव कुऱ्हाडी मिळाल्या, भांड्यांत ठेवलेल्या तांब्याच्या २८ बांगड्या मिळाल्या, आणि एका भांड्यात स्टिएटाइट या मऊ दगडाचे सुमारे ४०,००० अतिबारीक मणी. ज्यानं कोणी ते भांड्यात ठेवले, तो ते न्यायला परत आला नाही. कायथा, आहाड, माळवा हा क्रम पाठ झाला की पुढे बरंच काही आपोआप जागेवर बसतं.

केव्हा आणि कसं जायचं

इंदूर ते महेश्वर अंतर साधारण ९०-९५ किलोमीटर. महू, मानपूर, धामनोद असा मोठा रस्ता आहे. दुसरा रस्ता महूहून जाम दरवाज्याचा घाट उतरून मंडलेश्वरला जातो; तो अरुंद, वळणांचा, पण माळव्याचं पठार संपून निमाड कुठे सुरू होतो हे डोळ्यांनी दाखवणारा. मी पहिल्यांदा जाणाऱ्याला हाच रस्ता सुचवीन. वर गार वारा आणि काळी जमीन, खाली उष्ण हवा आणि नर्मदेचं खोरं. वस्त्या जिथे बसल्या तिथे का बसल्या, हे त्या उतरणीवर समजायला लागतं.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी धरते की चालणं अशक्य होतं आणि गवतात काही दिसत नाही. जाणकार माणसं पाऊस उघडल्यावर लगेच एक फेरी मारतात, कारण पावसानं धुतलेल्या घळींमध्ये खापरं स्वच्छ होऊन वर आलेली असतात. नवख्यानं थंडीत जावं. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर बघा. तिरप्या उन्हात जमिनीचे उंचसखल आकार दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट होतं.

सोबत पाणी, टोपी, वही, पेन्सिल, एक भिंग आणि दहा रुपयांचं नाणं. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, फोटोत वस्तूशेजारी ठेवलं की आकार कळतो. खुरपं, कुदळ, मेटल डिटेक्टर यांपैकी काहीही नको.

घाटावरून होडीनं पलीकडे जाता येतं. होडीवाल्यांना "नर्मदे हर" म्हणून बोलायला सुरुवात करा. नदीचं पाणी कुठवर चढतं, काठ कुठे कापला जातो, कोणत्या शेतात नांगराला विटा लागतात, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. पलीकडे गेल्यावर ज्याच्या शेतात पाय ठेवायचा त्या दादांना आधी विचारा. उभ्या पिकातून जायचं नाही, बांधावरून जायचं. कोण, कुठून आलात, काही नेणार नाही आहात, एवढं सांगितलं की लोक स्वतःहून दाखवायला येतात.

माती बघायची

टेकाडावर पोचलात की लगेच वाकून खापरं शोधू नका. आधी उभं राहून मातीचा रंग बघा. आजूबाजूची शेतजमीन काळी किंवा तांबूस. टेकाडाची माती मात्र राखट, पांढुरकी, हाताला भुसभुशीत. खेड्यातली जुनी माणसं काळी आणि पांढरी म्हणतात, त्यातली ही पांढरी. कुडाची भिंत पडते, तिच्यावर नवी उभी राहते. चुलीची राख, शेण, गोठ्याचा उकिरडा, सारवलेल्या जमिनी, जळकं छप्पर, हे सगळं तिथेच साठतं. पिढ्यांमागून पिढ्या असं झालं की नदीकाठी मीटरच्या मीटर उंचीचा ढीग तयार होतो. नैसर्गिक टेकडीत खडक असतो. वस्तीच्या टेकाडात वरपासून खालपर्यंत माणसानं केलेली माती असते.

आता एखादी घळ किंवा काठ कापलेली उभी बाजू शोधा. नावडातोलीत पाण्यानं टेकाडाला घळी पाडल्या, त्यातून चार टेकाडं वेगळी झाली. कापलेल्या बाजूसमोर शांतपणे बसा. सुरुवातीला नुसती माती दिसते. थोड्या वेळानं रेघा दिसायला लागतात. पातळ, घट्ट, फिकट रेघ म्हणजे बहुधा जमीन. नावडातोलीच्या लोकांनी माती चोपून तिच्यावर चुन्याचा हात दिलेला असायचा. काळा पट्टा म्हणजे राख किंवा कोळसा. भाजून लाल झालेले मातीचे ढेप, त्यांवर काड्या-बांबूचे ठसे, म्हणजे जळलेली कुडाची भिंत. वरून खाली उतरणारा, वाटीसारखा, वेगळ्या रंगाचा भाग म्हणजे कोणीतरी खणलेला खड्डा.

खालचं जुनं, वरचं नवं, हा मूळ नियम. पण खड्डा हा नियम मोडतो. वरच्या काळातल्या माणसानं खोल खणलं की त्याच्या काळातला कचरा जुन्या थराच्या शेजारी जाऊन बसतो. उंदरांची बिळं, झाडांची मुळं, नांगर हेही वस्तू वरखाली करतात. म्हणून उत्खनन करणारे आधी खड्ड्याची कड शोधतात आणि त्यातली माती वेगळी काढतात. त्या उभ्या बाजूला नखानंसुद्धा खरवडू नका, एक पावसाळा आणि ती ढासळते.

खापरं

प्राचीन वस्तीत सगळ्यात जास्त काय मिळत असेल तर खापर. मडकं फुटतं, पण खापर कुजत नाही, गंजत नाही, कोणी वितळवत नाही. शिवाय प्रत्येक काळाची घडण, लेप, रंग वेगळे. त्यामुळे जमिनीवरच्या खापरांवरूनच टेकाडाचं वय पहिल्यांदा ठरतं.

तुकडा हातात घेतलात तर चार गोष्टी बघा. एक, तो भांड्याचा कोणता भाग आहे. काठ आणि बूड सगळ्यात बोलके. काठावरून भांड्याचा आकार कळतो, पोटाच्या तुकड्यावरून फारसा कळत नाही. दोन, फुटलेली कड. तिथे माती किती मळलेली, त्यात वाळू घातली की भुसा, आतून पूर्ण भाजली की मधोमध काळी राहिली, हे दिसतं. तीन, आतल्या बाजूच्या समांतर बारीक रेघा, म्हणजे चाकावरचं काम. चार, अंगावरचा लेप आणि त्यावरचं रंगकाम.

नावडातोलीचं ओळखीचं भांडं म्हणजे माळव्याचं भांडं. नारिंगी किंवा तांबूस लेप, त्यावर काळ्या किंवा गडद तपकिरी रंगात नक्षी. त्रिकोण, चौकटी, जाळी, कधी हरीण, कधी मोर, कधी हात धरून नाचणारी माणसं. या भांड्यांवरचे सहाशेहून जास्त नक्षीप्रकार नोंदले गेले आहेत. लोटे, वाडगे, आणि उंच बुडाचे पेले. पेला बघताना मला नेहमी वाटतं की नुसतं पाणी प्यायला एवढं सजवायची गरज नव्हती. त्या घरात कोणाला तरी ते सुंदर असावंसं वाटलं. पन्हाळीसारखी लांब तोटी असलेल्या वाट्याही इथे मिळाल्या. तशी भांडी इराणात आहेत, म्हणून सांकलियांनी पश्चिमेकडच्या संबंधांची शक्यता मांडली. त्यावर पुढे मतभेद झाले, आणि माझाही कल नुसत्या भांड्याच्या आकारावरून माणसांचा प्रवास ठरवू नये असाच आहे.

याच्या जोडीला काळं-तांबडं भांडं दिसेल. ते रंगवलेलं नाही, भट्टीचा परिणाम आहे. भांडं पालथं घालून भाजलं की आत आणि काठाजवळ हवा पोचत नाही, तो भाग काळा राहतो. बाहेरचा खालचा भाग लाल होतो. काहींवर पांढऱ्या रंगाच्या रेघा असतात.

वरच्या थरांत लाल, पातळ, टिचकी मारली तर धातूसारखा आवाज देणारं भांडं येतं. त्याला जोर्वे भांडं म्हणतात, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून. आणि पोलादासारखं चकाकणारं काळं खापर दिसलं तर तुम्ही हजारएक वर्षं पुढे आला आहात. ते उत्तरेकडचं काळं झिलईचं भांडं, इ.स.पू. सुमारे ७०० ते २००. ते बघायचं तर महेश्वरच्या काठावर. ताम्रपाषाणकाळातलं नावडातोली ओस पडल्यानंतरच्या काळातली वस्ती उत्तर काठावर मिळाली.

काचेच्या बांगड्यांचे तुकडे, काचेसारखा चकचकीत लेप असलेली खापरं आणि अर्थातच कवेलू, म्हणजे छपराची कौलं, हे फार अलीकडचं. सुरुवातीला तेच जास्त सापडतील.

दगड

खापरांइतकेच बारीक दगडी तुकडे असतात आणि नवखा माणूस त्यांना गारगोटी समजून ओलांडतो. तांबं महाग होतं, म्हणून रोजची कापाकापी दगडाच्या पात्यांनी व्हायची. कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर हे दगड दख्खनच्या काळ्या खडकात आणि नदीच्या गोट्यांत भरपूर. पातं ओळखायचं ते दोन समांतर धारांवरून आणि पाठीवरून सरळ गेलेल्या कंगोऱ्यावरून. ज्या गाभ्यावरून पाती काढली त्यावर उभ्या खाचा राहतात. गाभा आणि भोवती चुरा दिसला तर हत्यार तिथेच घडवलं गेलं. अशी हत्यारं नावडातोलीत हजारोंनी मिळाली. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी, गळ, मणीही मिळाले, पण थोडे.

काठावरच्या जाड गोट्यांच्या थरात तळहाताएवढी ओबडधोबड हत्यारं असतात, ती वस्तीची नाहीत. ती अश्मयुगातली, नावडातोलीच्या शेतकऱ्यांपेक्षा कितीतरी पटीनं जुनी.

जे दिसत नाही ते

टेकाडावर उभं राहून गाव डोळ्यांपुढे आणायचं असेल तर उत्खननातून काय कळलं हे माहीत हवं. घरं गोल, चौकोनी आणि लांबट चौकोनी. लाकडाचे खांब, कुडाच्या भिंती, वर गवती छप्पर. खांब कुजले, पण त्यांचे खड्डे राहिले. खड्ड्यांच्या रांगेवरून घराचा आकार काढतात. काही गोल बांधकामं इतकी लहान की त्यांत माणूस राहणार नाही, तिथे धान्य ठेवत असावेत.

धान्याची गोष्ट तर मला सगळ्यात मोलाची वाटते. ओलं धान्य कुजतं, पण जळून कोळसा झालेला दाणा हजारो वर्षं टिकतो. नावडातोलीला आगी लागल्या, आणि त्या आगींनीच आपल्यासाठी कोठार राखलं. सगळ्यात खालच्या थरांत गहू आहे. त्यावरच्या थरांत तांदूळ येतो. मसूर, उडीद, मूग, वाटाणा, लाखेची डाळ, जवस, बोरं, आवळा, सगळं मिळालं. निमाडातल्या एखाद्या घरात आज जेवायला बसलात तर या यादीतलं काही ना काही पानात असेलच. काळ ठरवायला कोळसा कामी येतो. सजीव मेल्यावर त्यातला कार्बन-१४ ठरावीक वेगानं कमी होतो, सुमारे ५,७३० वर्षांनी निम्मा उरतो. उरलेला मोजला की वय निघतं. म्हणूनच थरातला काळा कणही जागेवरून हलवायचा नसतो.

इंदूरच्या मराठी माणसानं हे का बघावं, याचं कारण वरच्या थरांत आहे. माळव्याची भांडी तापीकाठच्या प्रकाशेला मिळतात, प्रवरेकाठच्या दायमाबादला मिळतात, पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी इनामगावला मिळतात. इनामगावची सुरुवातच माळवा संस्कृतीनं होते, इ.स.पू. सुमारे १६००. नंतर तिकडे जोर्वे संस्कृती घडते आणि जोर्वे भांडी नर्मदेवर नावडातोलीत येऊन पोचतात. माळव्याहून दख्खनेत आणि दख्खनेतून माळव्यात, ही ये-जा होळकरांच्या तीन हजार वर्षं आधीपासून चालू होती. सणाला पुण्याला जाणं झालं तर डेक्कन कॉलेजचं संग्रहालय अवश्य बघा, तिथे नावडातोली आणि इनामगाव एका छपराखाली भेटतात.

काही सापडलं तर

१८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यानं संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. गावात कोणी नाणं किंवा मणी विकायला पुढे केला तर घेऊ नका, भाव वाढला की टेकाड फोडलं जातं.

नवं टेकाड दिसलं, किंवा जेसीबीनं पांढरी माती विटभट्टीला नेताना दिसली, तर असं करा: जागेचं ठिकाण मोबाइलच्या नकाशावर नोंदवा, नदी किंवा ओढा किती लांब ते लिहा, टेकाडाचा दुरून एक आणि खापरांचे नाण्यासह जवळून चार-पाच फोटो घ्या, शेताच्या मालकांचा होकार घेऊन मगच नोंद करा. मग ती नोंद इंदूरच्या संग्रहालयातल्या पुरातत्त्व अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्या. समाजमाध्यमावर नेमकं ठिकाण टाकू नका.

पुढची फेरी

नावडातोलीनंतर उज्जैनचं गढकालिका घ्या. १९५६ ते १९५८ या काळात एन. आर. बॅनर्जींनी तिथे उत्खनन केलं. प्राचीन उज्जैन शहराभोवती मातीचा तट, तळाशी सुमारे ७५ मीटर रुंद, बाहेर खंदक, बाजूला शिप्रा. खेड्यातून शहर कसं होतं ते दोन्ही जागा पाठोपाठ बघितल्या की कळतं. कायथा त्याच दिवशी जमतं.

महेश्वरच्या बाजूला परत गेलात तर दक्षिणेकडे कसरावदजवळची इटबर्डी बघा. १९३० च्या दशकात होळकर संस्थानच्या काळात इंदूर संग्रहालयाचे द. बा. डिस्कळकर यांनी तिथे खणलं आणि विटांचे बौद्ध स्तूप उजेडात आले. तिथे विटांचे तुकडे पायाखाली येतील. लांबी, रुंदी, जाडी मोजता येईल अशी सलग वीट दिसली तर मोजून वहीत लिहा. प्राचीन वीट आजच्या विटेपेक्षा बरीच मोठी असते, आणि मापांवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. टेप न्यायला विसरू नका.